आइसलँडची आतली कडी

उन्हाळी शिबिराच्या तिसऱ्या दिवशी इजिप्तने ब्राझीलचा दात पाडला.

इजिप्त म्हणजे चर्चच्या मोठ्या हॉलचा खिडकीकडचा कोपरा. तिथे दोन पोती वाळू पसरली होती आणि पुठ्ठ्याचा पिरॅमिड उभा केला होता. वाळूचा खरा उपयोग आसपासच्या मांजरांनीच करून घेतला, ती गोष्ट वेगळी. ब्राझील म्हणजे हॉलमागचं स्वयंपाकघर, कारण तिथे मावशी सरबत करायच्या आणि कागदाची हिरवी पानं चिकटवायला एक अख्खी भिंत रिकामी होती. शेवटचा पेला कोणाचा ह्यावरून दोन्ही देशांची बोलणी फिसकटली, आणि इजिप्तच्या आठ वर्षांच्या एका नागरिकाने ब्राझीलच्या तोंडावर लाकडी उंट हाणला. दात दुधाचा होता, रक्त मात्र खरं होतं. ते वाळूत ठिबकताना पाहताच पोरं एकमेकांवर तुटून पडली. कोणी कोणाचे केस धरले, कोणी चावलं, पिरॅमिड चेपला गेला.

"बंद करा!" भूगोलबाईंनी फूटपट्टी टेबलावर अशी आपटली की तिचं टोक उडून जपानपर्यंत गेलं.

भूगोलबाई हे नाव त्यांना शाळेने दिलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्या, पण नाव काही निवृत्त झालं नाही. "सुट्टीत मुलांना जगाची थोडी ओळख करून द्या," एवढंच फादर म्हणाले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे चार रंगीत चित्रं आणि एखादं गाणं असावं. बाईंनी जगच उभं केलं. प्रत्येक खोलीचा देश केला, प्रत्येक देशाला हद्द आखली, आणि हद्द ओलांडायला पासपोर्ट ठेवला. पासपोर्ट जाड निळ्या कागदाचा. त्यात फोटो, जन्मतारीख, उंची, पत्ता. चर्चच्या जुन्या कपाटात दाखल्यांवर ठसा उठवायचं एक लोखंडी यंत्र पडलेलं होतं, दांडा दाबून चालवायचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं जड. बाईंनी ते तेल घालून चालू केलं आणि टेबलावर ठेवलं. शिक्का नाही, तर प्रवेश नाही. फादरनासुद्धा एकदा बाईंनी जपानच्या दारातून परत पाठवलं होतं.

पोरं वेगळी केल्यावर टेबलाखाली एक मुलगी सापडली. ती भांडणात नव्हतीच. गुडघे पोटाशी घेतलेले, हनुवटी छातीत रुतवलेली, दोन्ही कोपरं डोक्यावरून पुढे आणलेली. डोळे मात्र टक्क उघडे.

"ए मुंगे, बाहेर ये. तुला कोणी हात लावलाय का?"

मुंगी हे नाव पोरांनी ठेवलं होतं. ही सात वर्षांची मुलगी खोलीच्या मधून कधी चालायची नाही, भिंतीच्या कडेकडेने जायची, पाठीवर दप्तर घेऊन. दप्तर ती बसतानाही उतरवायची नाही. मुलगी भित्री आहे, असं बाईंनी ठरवून टाकलं. इतक्या वर्षांत त्यांनी इतकी मुलं पाहिली होती की नव्याने पाहायची त्यांना गरज वाटत नव्हती.

मुंगीचा आवडता देश आइसलँड. घंटेच्या जिन्याखाली अडगळीची एक खोली होती. पूर्वी चर्चमध्ये गाणारी मंडळी तिथे झगे बदलायची, त्यामुळे दाराला आतून जाडजूड कडी होती. बाईंनी आत पांढऱ्या चादरी टांगल्या, चुरगळलेल्या कागदाखाली लाल दिवा ठेवून ज्वालामुखी केला. इतर पोरं तिथे दोन मिनिटं थांबायची आणि कंटाळून सरबताकडे वळायची. मुंगी मात्र तासन्‌तास आत बसायची.

"आइसलँडला स्वतःचं सैन्य नाही," बाई एकदा तिला म्हणाल्या. "आहे की नाही गंमत?"

मुंगीने बराच वेळ विचार केला. "मग मारायला कोणी आलं तर?"

"कोण येणार? चहूबाजूंनी समुद्र आहे."

"पोहत आला तर?"

बाई हसल्या. घरी जाऊन बहिणीला फोनवर त्यांनी ही गोष्ट मुलांची जिज्ञासा म्हणून रंगवून सांगितली.

चौथ्या दिवशी पासपोर्टांची तपासणी झाली. मुंगीच्या पासपोर्टात पत्त्याची ओळ कोरी.

"हे काय?"

"आई म्हणाली लिहायचा नाही."

"का?"

मुंगीने पासपोर्ट परत घ्यायला हात पुढे केला.

"पत्त्याशिवाय माणसाला शेंडा ना बुडखा," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याकडे अर्धवट काम चालत नाही. खरा पत्ता लिहिशील तेव्हा शिक्का. तोवर आइसलँड बंद."

बोलून चालून पोराटोरांचा खेळ. पण बाईंचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दोन दिवस मुंगी हॉलच्या मधोमध बाकावर बसून राहिली, कारण कुठल्याच देशात तिला जाता येईना. तिथून चारही दारं दिसत होती, आणि ती आळीपाळीने चारही दारांकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने एक दार धाडकन आपटलं. मुंगी हलली नाही, ओरडलीही नाही, पण बाकाखाली पाणी साचलं. मावशींनी कोणाला कळायच्या आत फडकं फिरवलं.

"बाई, सोडा ना," मावशी हळूच म्हणाल्या. "त्या एवढ्याशा पत्त्यात काय ठेवलंय?"

"प्रश्न पत्त्याचा नाही, मावशी. सवयीचा आहे. आज पत्ता लपवेल, उद्या गुण लपवेल."

तिसऱ्या दिवशी मुंगीने पत्ता लिहिला. इस्त्रीच्या दुकानाच्या वर, तिसरा मजला, निळं दार. गल्लीचं नाव, घराचा नंबर, सगळं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरून. बाईंनी दांडा दाबला, ठसा उठला.

"शाबास! खरं लिहायला घाबरायचं कशाला?" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मुंगीचे खांदे वर गेले आणि सावकाश खाली आले. मग ती भिंतीच्या कडेने आइसलँडला निघून गेली.

त्याच दिवशी वर्तमानपत्रातून एक फोटो काढणारा आला. शनिवारी शेवटून दुसऱ्या पानावर फोटो छापून आला. बाई मधोमध, हातात पृथ्वीचा गोल, भोवती पोरं, आणि एका टोकाला अर्धं तोंड फिरवलेली मुंगी. बाईंनी पाच अंक विकत घेतले. एक कात्रण त्यांनी चर्चच्या ओसरीत फलकावर लावलं आणि त्याखाली बावीस पासपोर्ट उघडून ओळीने टाचले. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्यांनी पोरांचं काम बघावं, आणि अर्थात बाईंचंही.

रविवारी गर्दी ओसरल्यावर तो आला. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात रंगीत खडूंची मोठी पेटी. फरशा बसवण्याचं काम करतो म्हणाला. गुडघ्यांवर बसून बसून त्याची चाल थोडी वाकली होती.

"मी हिचा बाप," त्याने फोटोतल्या मुंगीवर बोट ठेवलं. "कामासाठी सहा महिने बाहेरगावी होतो. वर्तमानपत्रात पाहिलं आणि राहवेना. हे खडू शिबिराला. पोरीला मात्र सांगू नका हं, मी अचानक जाऊन तिला चकित करणार आहे."

"अहो, फार गोड मुलगी आहे. जरा अबोल आहे एवढंच."

"आईवर गेलीय." तो हसला. हसू छानच होतं. मग त्याने मुंगीचा पासपोर्ट शोधला आणि पत्त्याच्या ओळीखालून बोट फिरवलं, पहिलीतलं पोर वाचताना फिरवतं तसं. "काय अक्षर वळवलंत हो बाई! घरी नुसती गिचमीड करायची."

अक्षराचं कौतुक हा बाईंचा कच्चा दुवा. त्या विरघळल्या. "तुम्हाला सांगते, तेवढ्या ओळीसाठी मला तिच्याशी तीन दिवस झगडावं लागलं. पत्ता लिहायलाच तयार नव्हती!"

"हो का?" तो म्हणाला. "पण लिहून घेतलात. उपकार झाले तुमचे."

पासपोर्ट टाचणीवर जरा तिरका झाला होता. जाताना त्याने तो सरळ केला.

सोमवारी सकाळी मुंगीला तिची आई नेहमीप्रमाणे फाटकाशी सोडून गेली. किडकिडीत बाई, इस्त्रीच्या दुकानात कामाला. फाटक उघडण्याआधी रस्त्यावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहायची, आणि परत एकदा तसंच. भूगोलबाई तिला हात करणार होत्या, विचारणार होत्या की कालचे पाहुणे आले का घरी. पण तेवढ्यात वाळूत कोणीतरी पाणी ओतलं आणि ते राहून गेलं.

अकराच्या सुमारास तो हॉलच्या दारात उभा होता.

"पोरीला न्यायला आलोय. तिच्या आईला बरं नाहीये."

कालचाच शर्ट होता. उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती, धुतलेली, पण धुऊन जे राहतं ते राहिलं होतं. उजव्या हाताच्या मुठीची कातडी फाटलेली होती. बाईंनी आधी हात पाहिला, मग तोंड. तो हसत होता, कालच्याइतकंच छान.

इजिप्तच्या वाळूत बसलेली मुंगी उठली. पळाली नाही. भिंतीला खांदा घासत, पाऊल न वाजवता ती जिन्याखालच्या खोलीत गेली. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकला आणि भूगोलबाईंना कळलं. ज्वालामुखी नाही, बर्फ नाही, जिज्ञासा नाही. अख्ख्या जगात एकाच देशाला आतून कडी होती, म्हणून पोरीने तो निवडला होता. आणि बाईंनी तिला तीन दिवस बाहेर बसवून तिच्या हातून तिच्या घराचा रस्ता लिहून घेतला होता, वर शाबासकी दिली होती. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुमचा पासपोर्ट?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"इथे पासपोर्टाशिवाय कोणी पुढे जात नाही. रांगेत उभे राहा." आवाज वर्गातला होता. दुसरा त्यांच्याकडे नव्हताच.

पोरं खुदकन हसली. त्यांना वाटलं नवा खेळ. दात पडलेला ब्राझीलवाला पुढे झाला, कमरेवर हात ठेवून त्याने बोळक्या तोंडाने हुकूम सोडला, "पासपोर्ट दाखवा!"

बापाने ब्राझीलला एका हाताने बाजूला फेकलं. पोरगं टेबलाच्या कडेवर आदळलं, भुवई फाटली.

"सगळे ब्राझीलमध्ये!" बाई ओरडल्या. "ओळीने! मावशी, मागचं दार!"

आठवडाभर पोरांना एका देशातून दुसऱ्या देशात ओळीने जायची शिस्त बाईंनी घासून घासून लावली होती. ती कामाला आली. एकवीस पोरं स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेली, भुवई धरलेल्यालाही दोघांनी ओढत नेलं. मावशींनी फादरना हाक मारली आणि पोलिसांना फोन लावला.

तोवर तो आइसलँडच्या दाराशी पोचला होता. पहिल्या लाथेने दार दणाणलं. दुसरीने खालची फळी तडकली. बाई मध्ये शिरल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. साठी उलटलेली बाई, अंगाने पाप्याचं पितर. त्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलंसुद्धा नाही. पहिला तडाखा चष्म्यावर बसला आणि काच गालात घुसली. दुसरा कानावर. बाई खाली बसल्या तरी त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट सोडली नाही, म्हणून त्याने बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी मोडलं. ते त्यांना आधी ऐकू आलं, दुखलं मग.

"शिकवता काय पोरांना?" तो धापा टाकत म्हणाला. "बापाला दार लावायला?" आणि परत लाथ, परत तिथेच. फळीचा तुकडा आत पडला. बाईंच्या तोंडात रक्त आलं. आता हा मारून टाकणार, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात कडी सरकली.

मुंगी बाहेर आली. दप्तर पाठीवर, दोन्ही पट्टे नीट ओढलेले.

"बाबा, मी येते," ती म्हणाली. "बाईंना मारू नका. त्यांना माहीत नव्हतं."

हे वाक्य तिने ज्या सुरात म्हटलं, तो सूर बाईंना मरेपर्यंत विसरता येणार नव्हता. त्यात रडणं नव्हतं. घरातली मोठी बाई पाहुण्याची बाजू सावरून घेते, तसं ती बोलली.

त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढलं. ती पायाच्या बोटांवर उचलली गेली, तरी ओरडली नाही.

बाई कशा उठल्या ते त्यांना सांगता आलं नसतं. टेबल दोन पावलांवर होतं. लोखंडी यंत्र त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि वेणी धरलेल्या मनगटावर घातलं. हाड सुक्या काटकीसारखं वाजलं. वेणी सुटली. तो गुडघ्यांवर आला. आयुष्यभर फरशा बसवताना बसला असेल तसाच. बाईंनी दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा मानेजवळ बसला. चौथ्याला तो आडवा पडला होता आणि "नको" म्हणत होता. पाचवा त्याच्या तोंडावर बसला. खोटं कशाला बोला, बाईंना बरं वाटत होतं. प्रत्येक घावाला त्यांच्या मोडलेल्या बरगडीतून कळ जात होती आणि प्रत्येक घावाला त्यांना आणखी एक हवा होता.

"बाई! पुरे! मरेल तो!" मावशींनी मागून त्यांना घट्ट मिठी घातली. यंत्र हातातून सुटून फरशीवर पडलं आणि फरशी फुटली.

बाईंनी एकाच उरलेल्या काचेतून मुंगीला शोधलं. ती टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीत, कोपरं डोक्यावरून पुढे. उघडे डोळे तिच्या बापाकडे नव्हते. ते बाईंकडे होते, त्यांच्या हातांकडे.

"मुंगे, मी आहे गं," बाई म्हणाल्या आणि एक पाऊल पुढे आल्या. मुंगी भिंतीपर्यंत मागे सरकली. शेवटी मावशीच टेबलाखाली शिरल्या आणि तिच्याशेजारी नुसत्या बसून राहिल्या, पोलीस येईपर्यंत.

तिची आई जिवंत होती. सकाळी साडेनऊला तो इस्त्रीच्या दुकानात गेला होता, आणि मालक नेमका कपडे पोचवायला बाहेर. तिचा डावा हात दोन ठिकाणी मोडला होता, जबडा मोडला होता. तापलेली इस्त्री त्याने तिच्या उजव्या दंडावर ठेवली आणि ती ओरडायची थांबेपर्यंत उचलली नाही.

बाईंना हे दवाखान्यात कळलं, तिथेच वरच्या मजल्यावर त्यांच्या बरगड्या बांधून झाल्यावर. तिसऱ्या दिवशी कठडा धरून धरून त्या खाली उतरल्या. मुंगीच्या आईच्या चेहऱ्यावर पट्ट्या होत्या, एक डोळा मोकळा होता.

"तुम्ही दारात उभ्या राहिलात म्हणे," आई कशीबशी म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते. "पोलिसांनी सांगितलं. तुमचे कसे आभार..."

"थांबा." बाईंनी खाट धरली. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. पोलिसांनीही विचारलं नव्हतं. "पत्ता मी दिला. मुंगी लिहीत नव्हती. मी तीन दिवस तिचा छळ करून तो लिहून घेतला, आणि ओसरीत लावला. तो आला तर मीच दाखवला. हसत हसत दाखवला."

आईचा मोकळा डोळा छताकडे लागला होता.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तिला घोकून घेतलं. कोणी विचारलं तर गप्प बसायचं. झोपेतून उठवून विचारलं तरी गप्प. पोलिसाने विचारलं तरी. बाईंनी विचारलं तर, हे तेवढं सांगायचं राहिलं."

बाईंना वाटलं तिने थोबाडीत मारावी. पण तिचे दोन्ही हात कामाचे राहिले नव्हते.

"तो सुटणार," आई पुढे म्हणाली. "आज ना उद्या. मनगट बरं होतं. आम्ही इथून जाणार. आणि पोरगी आता कोणी काही विचारलं की खरं सांगते. काल नर्सने विचारलं तर घडाघडा सगळं सांगितलं, नाव, गल्ली, दार कुठल्या रंगाचं. तुम्ही शाबास म्हणालात ना तिला. ते आता तुम्हीच मोडा."

त्या आठवड्यात भूगोलबाईंनी आयुष्यातला सगळ्यात कठीण धडा घेतला. हॉलमध्ये नाही, वाळू आणि पिरॅमिड फादरनी उचलून टाकायला लावले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर. बाईंनी नवा निळा कागद कापून आणला होता. मुंगी बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली, दोघींच्या मध्ये दप्तर ठेवून.

"नवीन नाव लिही," बाई म्हणाल्या आणि एक नाव सांगितलं.

"हे माझं नाही."

"आता हेच तुझं."

"खोटं लिहिलं तर शिक्का मिळत नाही. तुम्ही म्हणालात."

बाईंच्या गालावरचे टाके ओढले गेले. "ह्याला मिळतो," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं शिकवलं होतं. मास्तरीणसुद्धा चुकते."

मुंगीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिने पेन्सिल घेतली.

गावाचं नाव बाईंनी रचलं. ज्यांनी बत्तीस वर्षं नकाशात एक नदी बोटभर सरकली तरी गुण कापले, त्यांनी कुठल्याच नकाशात नसलेलं एक गाव रचलं. त्याला नदी दिली, पूल दिला, पुलापाशी शाळा दिली. मग त्या रोज दोन तास मुंगीला उलटसुलट विचारत राहिल्या. नाव काय? गाव कोणतं? शाळा कुठे? बाबा काय करतात? पहिल्या दिवशी मुंगी अडखळली. दुसऱ्या दिवशी बाबांच्या प्रश्नाला तिची मान खाली गेली. "मान वर," बाई म्हणाल्या. "आणि लगेच उत्तर द्यायचं नाही. मुलं एवढी पटकन सांगत नाहीत. आधी थोडं नाक पुसायचं." तिसऱ्या दिवशी मुंगीने नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबा नाहीत, मी लहान होते तेव्हाच गेले." इतकं सहज म्हणाली की शेजारून जाणारी आया कळवळून थांबली.

कुठे जाणार ते आईने बाईंना सांगितलं नाही. बाईंनी विचारलंही नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मोटार दवाखान्याच्या मागच्या दाराशी लागली. आईला दोघांनी धरून आत बसवलं. मुंगी दप्तर घेऊन शेवटी आली. बाई फाटकाशी उभ्या होत्या, बरगडीवर हात ठेवून. त्यांना खरं तर माफी मागायची होती. रात्रभर जुळवलेली चार वाक्यं तोंडापर्यंत आली, पण त्यातलं एकही सात वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी आपलं काहीतरी विचारलं, कोणीही जाणाऱ्या पोराला विचारतं तसं, आणि अगदी मनापासून, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कुठे चाललीस गं बाळ?"

मुंगी थांबली. तिने बाईंकडे मान वर करून पाहिलं, पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं. हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. मग तिने ते गाव सांगितलं, नदीसकट आणि पुलासकट, आणि म्हणाली की तिची शाळा पुलापाशीच आहे.

कुठेच चूक नव्हती. बाईंनी शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मोटारीचं दार मुंगीने स्वतःच ओढून घेतलं आणि आतून लावलं.